खुर्च्यांची बेरीज, रांगा न मिळवता

गणपतीत सदाशिव पेठेतल्या आमच्या मंडळाच्या कार्यक्रमाला खुर्च्या सांगायच्या होत्या. पहिल्या रांगेत १२, पुढे दर रांगेला २ वाढत शेवटच्या रांगेत ४०. एकेक रांग मिळवत बसलं की हमखास चुकतं. त्यापेक्षा:

१. रांगा काढा: ४० वजा १२ म्हणजे २८, भागिले २ म्हणजे १४, अधिक १. झाल्या १५.
२. पहिली आणि शेवटची रांग मिळवून निम्मे करा: ५२ चे २६.
३. २६ गुणिले १५, म्हणजे ३९० खुर्च्या.

दहावीतली अंकगणिती श्रेढी ती हीच! तो ‘अधिक १’ मात्र विसरू नका, नाहीतर २६ माणसं उभी राहतील. आणि वाढ प्रत्येक रांगेत सारखीच हवी. मांडवाच्या खांबापायी कुठे खुर्च्या गाळल्या असतील, तर त्या शेवटी वजा करा.