उतारा शंभरच्या वर? आधी छेद तपासा

कोल्हापुरात ‘उतारा’ हा शब्द कुणाला शिकवावा लागत नाही. साखर उतारा १२ टक्के म्हणजे १०० किलो उसामागे १२ किलो साखर, आणि एफआरपी (सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) त्यावर ठरते, हे ऊस लावणाऱ्या घरातलं पोरही सांगतं. पण त्या उसात मुळात १४ किलो साखर असेल, तर कारखान्याने त्यातली ८६ टक्के बाहेर काढली. साखर तीच, फक्त छेद बदलला. बीएस्सीच्या प्रॅक्टिकलमध्ये मुलांच्या निम्म्या चुका मला या छेदापाशीच सापडतात.

ॲस्पिरिनचं घ्या. २ ग्रॅम सॅलिसिलिक ॲसिड, ५ मिली ॲसिटिक ॲनहायड्राइड. मिळालेल्या वजनाला थेट २ने भागू नका. सॅलिसिलिक ॲसिडचा एक मोल (म्हणजे रेणूंची एक ठरावीक संख्या) १३८ ग्रॅमचा, ॲस्पिरिनचा १८०चा, आणि एका मोलपासून एकच मोल ॲस्पिरिन होतं. म्हणून २ ग्रॅममधून जास्तीत जास्त २.६१ ग्रॅम मिळू शकतं. छेदात तेच हवं. काहीजण ॲनहायड्राइडवरून हिशोब करतात. ते मुद्दाम जादा घातलेलं असतं. त्यावरून छेद साडेनऊ ग्रॅमचा होतो आणि चांगलं जमलेलं काम वीसेक टक्क्यांवर येतं. आधी संपणारा पदार्थ कोणता, हे प्रयोग सुरू करण्याआधी वहीत लिहून ठेवा.

मागच्या जुलैत एका मुलीने २.९० ग्रॅम दाखवले. १११ टक्के! बाहेर पाऊस कोसळत होता. स्फटिक पांढरेशुभ्र, सुईसारखे, दिसायला कोरडे. गाळणकागदाच्या दोन तुकड्यांत धरून दाबायला सांगितले, तर कागदावर लगेच ओला डाग उमटला. डेसिकेटर (पदार्थ कोरडा ठेवायचं बंद भांडं) उघडला तर आतलं ओल शोषणारं सिलिका जेल गुलाबी, म्हणजे ओलीने भरलेलं. ते ओव्हनमध्ये तापवून पुन्हा निळं केलं, मग स्फटिकांची वॉच ग्लास (काचेची उथळ बशी) आत ठेवली. दुसऱ्या दिवशी २.१४, नंतर २.०५, पुन्हा २.०५. लागोपाठ दोन वजनं सारखी आली की तेच खरं वजन. उतारा ७९ टक्के, आणि तो उत्तम आहे.

कोरडं म्हणजे शुद्ध, असंही नाही. चिमूटभर पदार्थात फेरिक क्लोराइडचा थेंब टाका. जांभळा रंग आला तर सॅलिसिलिक ॲसिड शिल्लक आहे, म्हणजे तुम्ही कच्चा मालही उताऱ्यात मोजताय.

‘किती संपलं’ आणि ‘किती मिळालं’ यांचीही गल्लत होते. १० मोलपैकी ८ संपले, त्यातल्या ६चाच हवा तो पदार्थ झाला, तर रूपांतर ८० टक्के, उतारा ६०.

आता तीव्रता. ४ ग्रॅम कॉस्टिक सोडा लिटरभर द्रावणात म्हणजे ०.१ मोलर (लिटरमागे ०.१ मोल), हे कागदावर. कॉस्टिकचे दाणे वजन करता करताच हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढतात. आपल्या पावसाळ्यात तर डोळ्यांदेखत ओलसर होतात. शिवाय लिटरभर पाणी ओतायचं नसतं. थोड्या पाण्यात विरघळवा, थंड होऊ द्या, मग खुणेपर्यंत भरा.

नंतर खरी तीव्रता काढायला ऑक्झॅलिक ॲसिडच्या माहीत तीव्रतेच्या द्रावणाने टायट्रेशन करा: १.५७६ ग्रॅम, २५० मिलीत, म्हणजे ०.०५ मोलर. इथे रेणुभार १२६ धरा. स्फटिकातले पाण्याचे दोन रेणू विसरून ९० धरलात तर कॉस्टिकची तीव्रता ४० टक्क्यांनी फुगते. आणि बाटलीवर ०.१ लिहू नका, ०.०९६ आली असेल तर ०.०९६ लिहा, तारखेसकट.