जगभरचे पिक्चर बघायला सुरुवात करताय? आधी माझी फजिती वाचा

मागच्या महिन्यात ऑफिसातल्या एका ज्युनियरने विचारलं, दादा, मला फॉरेनचे पिक्चर बघायचेत, एखादी लिस्ट दे ना. मी दिली नाही. लिस्टनेच माझी वाट लावली होती, म्हणून.

झालं असं की २०२२ च्या डिसेंबरात 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश मासिकाची यादी आली, दर दहा वर्षांनी येते ती, जगातले सगळ्यात भारी पिक्चर कुठले याची. मी मूळचा कराडचा, तोवर माझा वर्ल्ड सिनेमा म्हणजे टीव्हीवर हिंदीत डब होऊन येणारी हॉलिवूडची मारामारी. म्हणलं आता शिस्तीत करू. एक्सेल शीट केली, शंभर नावं टाकली, देशाप्रमाणे रंग दिले आणि एक नंबरपासून सुरू. एक नंबरला शांताल आकेरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेचा १९७५ चा 'जान डिलमन'. तीन तास वीस मिनिटं, एक बाई घरात बटाटे सोलते, भांडी घासते, अंथरुण आवरते. मी तो लावला कधी, तर ऑफिसातून आल्यावर, रात्री साडेदहाला, पोटभर जेवून, मोबाईलवर, आडवं पडून. चाळीस मिनिटांत घोरत होतो. नंतर सहा महिने ती शीट उघडलीच नाही, वाटलं हे आपल्या डोक्यावरून जाणारं काम आहे, बुद्धिजीवी लोकांनी बघावं.

तर नव्या माणसाला माझं पहिलं सांगणं, थोर काय आहे ते सोडा, तुम्हाला आधीपासून काय आवडतं ते धरा आणि फक्त देश बदला. मला चोरीचे पिक्चर आवडतात. एका मित्राने 'रिफिफी' लावून दिला, १९५५ चा, फ्रेंच, ब्लॅक अँड व्हाइट. दिग्दर्शक ज्यूल्स डॅसिन खरा अमेरिकन, पण तिकडे कम्युनिस्ट म्हणून ब्लॅकलिस्ट झाला, काम मिळेना, म्हणून युरोपात आलेला. त्यात दागिन्यांच्या दुकानावर दरोडा आहे आणि तो जवळपास अर्धा तास चालतो, त्यात डायलॉग नाही, संगीत नाही. चोर वरच्या मजल्यावरून जमीन फोडतात. जरासं भोक पडल्यावर काय करतात, तर बंद छत्री त्यातून खाली सोडतात आणि तिथे उघडतात, म्हणजे वरून पडणारा चुना-माती छत्रीत गोळा होणार, खाली आवाज नको! मी खुर्चीच्या टोकाला. शेजारच्या फ्लॅटमध्ये कुकरची शिट्टी झाली तर मीच दचकलो. आणि मजा म्हणजे तिजोरी फोडणाऱ्या इटालियन चोराचं काम दिग्दर्शकाने स्वतःच केलंय, हे मला नंतर कळलं.

तिथून पुढे गाडी सुटली. 'द वेजेस ऑफ फिअर', १९५३, यात नायट्रोग्लिसरीनने भरलेले ट्रक खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्याने न्यायचेत, धक्का बसला की खलास. (पावसाळ्यात खंबाटकी घाटातून एसटीने गेलेल्यांना वेगळं समजवायला नको.) मग कोरियाचा 'मेमरीज ऑफ मर्डर', २००३, बाँग जून हो याचा, 'पॅरासाइट'वाला. खऱ्या खुनांवर बेतलेला, आणि पिक्चर आला तेव्हा खुनी सापडलेलाच नव्हता. शेवटी डिटेक्टिव्हचं काम करणारा साँग कांग हो थेट कॅमेऱ्यात, म्हणजे आपल्या डोळ्यात बघतो. खुनी ओळखला गेला २०१९ मध्ये डीएनएवरून, तो दुसऱ्याच खुनासाठी आधीपासून जेलमध्ये होता. हे माहीत असताना तो शेवटचा शॉट बघा, काटा येतो.

आता सबटायटलचं. सगळे नवे लोक इथेच अडकतात. पहिले दोन-तीन पिक्चर डोळे खालच्या पट्टीलाच चिकटलेले राहतात, चेहरे दिसतच नाहीत, हे सगळ्यांचं होतं. सात-आठ पिक्चरनंतर आपोआप सुटतं. तोवर एक करा, आवडलेला एखादा सीन पिक्चर संपल्यावर सबटायटल बंद करून परत बघा, काय बोलतायत ते माहीतच असतं, मग कोण कुठे उभं आहे, कोण कोणाकडे बघत नाही, हे दिसायला लागतं. डबिंगच्या नादी लागू नका. आणि दीडपट स्पीडवर तर अजिबात नाही, आमचा एक मित्र असे बघतो आणि वर म्हणतो काही घडलंच नाही.

ॲनिमेशन म्हणजे पोरांचं असं समजत असाल तर जपानच्या स्टुडिओ जिब्लीचे दोन बघा, 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' आणि 'माय नेबर टोटोरो'. १६ एप्रिल १९८८ ला हे दोन्ही एकत्र, एका तिकिटात लागले होते. पहिला युद्धातल्या भाऊबहिणीचा, त्यातला चोखायच्या गोड गोळ्यांचा तो पत्र्याचा डबा अजून डोळ्यांपुढून जात नाही. टोटोरो नंतर बघा, उलटं केलं तर रात्र वाया. युद्धाचाच दुसरा, 'द बॅटल ऑफ अल्जियर्स', १९६६, बातमीपटाचे तुकडे जोडलेत असं वाटतं, पण एकही फूट तसली नाही, सगळं शूट केलेलं, आणि त्यातला एक पुढारी ज्याने केलाय तो अल्जीरियाच्या खऱ्या स्वातंत्र्यलढ्यातलाच पुढारी, सादी यासेफ.

संथ पिक्चरला कधी हात घालायचा? माझं उत्तर, कोणाला तरी सोबत घेऊन. आई पुण्याला आली होती तेव्हा जपानी दिग्दर्शक ओझूचा 'टोक्यो स्टोरी' लावला, १९५३ चा. म्हातारे आईवडील लांबून पोरांकडे शहरात येतात, पोरं कामात, त्यांना वेळ नाही, मग दोघांना गरम पाण्याच्या झऱ्याच्या गावी हॉटेलात पाठवून देतात. तिथे रात्रभर बाकीच्या पाहुण्यांचा दंगा, गाणीबजावणी, म्हाताऱ्यांना झोप नाही. कॅमेरा बहुतेक वेळ जमिनीवर बसलेल्या माणसाच्या उंचीला, हलत नाही. मी आईला सबटायटल मराठीत सांगत होतो, वीसेक मिनिटांनी म्हणाली, "गप बस जरा, कळतंय मला." पिक्चर संपल्यावर काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी रविवार असून लॅपटॉप उघडला तेव्हा फक्त एकदा बघितलं माझ्याकडे.

फेस्टिव्हलला जरूर जा. पुण्यात जानेवारीत पिफ, म्हणजे पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, गोव्यात पणजीला नोव्हेंबरात इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून तिकडेच आहे. पहिल्या वर्षी मी हावरटासारखे दिवसाला पाच बघितले, तिसऱ्या दिवशी इराणमधली गोष्ट पोलंडमधल्या पिक्चरमध्ये शोधत होतो. तीन बास. मधल्या रांगेच्या मागे बसा, पुढे उंच माणूस आला की त्याचं डोकं नेमकं सबटायटलवर येतं. आवडला नाही तर उठा, पण कडेच्या सीटवर असाल तरच, लोकांच्या पायांवरून जाऊ नका. आणि वडापाव आधी खाऊन घ्या. पुण्यातल्या फिल्म इन्स्टिट्यूटचा रसास्वादाचा छोटा कोर्सही असतो, पण तो पन्नासेक पिक्चर बघून झाल्यावर करा, आधी केला तर नुसत्या वह्या भरतात.

आणि तो एक नंबरचा 'जान डिलमन'? या वर्षी परत लावला. रविवारी दुपारी, मोठ्या स्क्रीनवर, फोन आतल्या खोलीत ठेवून. पहिला दिवस तिचं सगळं घड्याळासारखं चालतं. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात. एवढंच. ती भांडं हातात घेऊन घरभर फिरते, याचं करायचं काय तेच तिला कळेना, आणि मला एकदम धडधडायला लागलं, म्हणलं बाई, काहीतरी बिनसलंय. मागच्या वेळी इथपर्यंत पोचलोच नव्हतो.