नवरा खुनी निघतो त्या परीकथा वाचायच्या कशा

पहिलं काम म्हणजे शेवटी दिलेलं तात्पर्य वाचूच नका. शार्ल पेरोने १६९७ मध्ये फ्रान्समध्ये ब्लूबिअर्डची गोष्ट छापली (निळ्या दाढीचा नवरा बायकोला किल्ल्या देतो, पण एक खोली उघडायची नाही म्हणतो) आणि खाली चक्क दोन तात्पर्यं चिकटवली, एकात बायकांच्या चौकसपणाला नावं ठेवली आणि दुसऱ्यात म्हणे असले नवरे आता राहिलेत कुठे. त्या बंद खोलीत भिंतीला लागून आधीच्या बायकांची प्रेतं आणि पेरोला पडलंय की हिने दार उघडलंच का!

मग पेन्सिल घ्या आणि मुलीच्या मनात पहिल्यांदा पाल कुठे चुकचुकते ती जागा शोधा. ती त्या बंद खोलीपाशी नसते, खूप आधी असते. ब्लूबिअर्डमध्ये दोघी बहिणींना तो नकोच असतो, दाढी निळी आणि आधीच्या बायकांचं काय झालं ते कुणालाच माहीत नाही. मग तो त्यांना, आईसकट मैत्रिणींसकट, आठ दिवस आपल्या वाड्यावर नेतो, नाच, शिकार, मासेमारी, मेजवान्या, रात्रभर कुणी झोपत नाही, आणि शेवटी धाकटीला वाटायला लागतं की दाढी काही एवढीही निळी नाहीये. इथे खूण करा. दाढी तीच आहे, आणि बायकांचं काय झालं हे अजूनही कुणी विचारलेलं नाही. पुढची किल्ली, रक्ताचा डाग, वाळूने घासघास घासणं हे सगळं थरारक आहेच, पण खरी गडबड ह्या आठ दिवसांत झालेली असते.

आता लगेच जर्मनीतल्या ग्रिम बंधूंची दरोडेखोर नवऱ्याची गोष्ट घ्या. बाप गिरणीवाला, त्याला स्थळात नाव ठेवायला काही सापडत नाही म्हणून तो मुलगी देऊन टाकतो (हे वाक्य आपल्याकडच्या कुठल्याही बैठकीत खपून जाईल). मुलीला मात्र त्याच्याकडे बघितलं किंवा नुसतं मनात आणलं तरी धस्स होतं. तो म्हणतो माझ्या घरी ये, जंगलात आहे, वाटेवर राख टाकून ठेवतो. तिला भीती का वाटते ते सांगता येत नाही, आणि मला हेच भारी वाटतं, की ती सांगायच्या भानगडीतच पडत नाही, दोन्ही खिसे वाटाणे आणि मसुरांनी भरते आणि पावलागणिक डावीउजवीकडे टाकत जाते. रात्री परतताना राख वाऱ्याने उडालेली असते आणि वाटाणे-मसूर उगवून आलेले, चांदण्यात वाट दिसते. म्हणजे त्याने दाखवलेली वाट पुसली गेली आणि तिची टिकली. वाचताना दर गोष्टीत हे बघा की शंका आल्यावर ती हाताने काय करते.

त्यानंतर बघा पुरावा काय आणि सांगितलं कुणाला. त्याच घरात ती पिंपामागे लपलेली असताना दरोडेखोर दुसऱ्या मुलीला मारतात, तिचं अंगठीवालं बोट तोडतात आणि ते उडून हिच्या मांडीत पडतं. ही ते जपून घरी आणते, पण नवऱ्याला एकटं गाठून जाब विचारत बसत नाही. लग्नाच्या पंगतीत सगळे गोष्टी सांगत असतात तेव्हा ही म्हणते मला स्वप्न पडलं, आणि मधेमधे "राजा, नुसतं स्वप्नच हं ते" असं म्हणत म्हणत सगळं सांगते, आणि शेवटी बोट काढून दाखवते. तो खडूसारखा पांढरा पडतो, पळायला बघतो, पाहुणे धरून ठेवतात. इंग्लंडच्या मिस्टर फॉक्स ह्या लोककथेत नवरी लेडी मेरीपण असंच करते, भावांसमोर. माझ्या मते नुसत्या आतल्या आवाजाने ह्या गोष्टींत कुणीच वाचत नाही, आवाज अधिक पुरावा अधिक चार माणसं असं जमलं की मुलगी जिवंत राहते.

फिचरचा पक्षी ही ग्रिम बंधूंचीच गोष्ट सगळ्यात शेवटी वाचा. तिथे जादूगार किल्लीबरोबर अंडंही देतो, सतत जवळ ठेव म्हणतो, दोघी बहिणी ते घेऊनच मना केलेल्या खोलीत जातात, रक्तात पाडतात, डाग जात नाही म्हणून पकडल्या जातात आणि मरतात. तिसरी आधी अंडं नीट ठेवून देते आणि मगच दार उघडते. सांगितलेलं ऐकणं हा तिचा गुण नाहीच.

मोठ्या मुलीला वाचून दाखवणार असाल तर बोटाचा प्रसंग गाळलेली आवृत्ती घेऊ नका, बोट गाळलं की पंगतीत दाखवायला तिच्याकडे काही उरतच नाही.