स्वालबार्डला छोट्या जहाजाने जाताना : या चुका टाळा

पहिली चूक जहाजावर पाय ठेवण्याच्या कितीतरी आधी, व्हिसाच्या अर्जातच होते. स्वालबार्ड हा आर्क्टिक महासागरातील द्वीपसमूह नॉर्वेच्या सार्वभौमत्वाखाली असला तरी शेंगेन क्षेत्रात, म्हणजे युरोपातील देशांच्या सामाईक व्हिसाच्या क्षेत्रात, मोडत नाही. त्यामुळे नॉर्वेतील ऑस्लोहून किंवा ट्रोम्सोहून स्वालबार्डचे मुख्य गाव असलेल्या लाँगइयरबेनला जाताना आपण शेंगेनमधून बाहेर पडतो आणि परतताना पुन्हा आत येतो. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल, तर जाणे होते. परतीची वाट मात्र बंद होते. खुद्द स्वालबार्डसाठी व्हिसा लागत नाही हे खरे, पण शेंगेन ओलांडल्याशिवाय तेथे पोहोचता येत नाही, म्हणून त्या माहितीवर विसंबून राहू नये. अर्जात किमान दोन प्रवेश मागावेत आणि पासपोर्ट हातात आल्यावर व्हिसावरील आकडा स्वतः वाचावा, मग सहल कंपनी काहीही म्हणो.

दुसरी चूक म्हणजे जहाज सुटण्याच्या दिवशीच लाँगइयरबेनला उतरणे. मुंबईहून निघाल्यावर दोन-तीन विमाने बदलावी लागतात आणि त्यात एखादी बॅग मागे राहिली, तर ती पुढच्या बंदरात गाठ घेईल अशी आशा नसते, कारण पुढे बॅग पोहोचवता येईल असे बंदर बहुधा नसतेच. एक मुक्काम आधी करावा. (तेथील अनेक हॉटेलांत बूट दाराशी काढून आत जातात, कोळशाच्या खाणींच्या काळापासूनची ती रीत आपल्याला वेगळी शिकावी लागत नाही.) नेहमीची औषधे, लोकरीच्या आतल्या कपड्यांचा एक जोड आणि जलरोधक विजार हातातल्या बॅगेतच ठेवावी.

आपल्याकडील गिर्यारोहकांची खास अशी एक चूक आहे, ती कुसळांची. सह्याद्रीत पावसाळ्यानंतर फिरलेली सॅक, मोजे आणि जॅकेट तसेच उचलून नेले जाते. पहिल्यांदा किनाऱ्यावर उतरण्यापूर्वी जहाजावर सर्वांचे सामान तपासले जाते, कारण एखाद्या बीमुळेही परकी वनस्पती तेथे रुजू शकते. मग प्रवासी खाली बसून व्हेल्क्रोच्या आकड्यांत अडकलेले एकेक कुसळ चिमट्याने उपसत बसतात, खिशांच्या शिवणी व्हॅक्यूमने साफ करतात आणि बुटांच्या तळव्यातील वाळलेली लाल माती सुईने खरवडतात. हेच काम घरी, जुना टूथब्रश घेऊन, अर्ध्या तासात होते.

यापेक्षा महाग पडणारी चूक म्हणजे कार्यक्रमपत्रिकेला रेल्वेचे वेळापत्रक समजणे. माहितीपत्रकातील नकाशा हा केवळ अंदाज असतो. बर्फ, वारा आणि धुके पाहून कप्तान आणि मोहीमप्रमुख रोज बेत बदलतात. मे-जूनमध्ये उत्तरेकडील आणि पूर्वेकडील वाटा समुद्रबर्फाने अडलेल्या असू शकतात, म्हणून द्वीपसमूहाची पूर्ण प्रदक्षिणा हवी असेल त्याने जुलैअखेर किंवा ऑगस्ट निवडावा. बर्फाचे पांढरे जग पाहायचे असेल त्याने जून. 1 जानेवारी 2025 पासून संरक्षित क्षेत्रांत 200 हून अधिक प्रवाशांच्या जहाजांना मज्जाव आहे आणि किनाऱ्यावर उतरण्याच्या जागाही ठरवून दिल्या आहेत. जुने प्रवासवर्णन वाचून अमुकच किनारा हवा असा हट्ट धरला, तर हिनलोपेन सामुद्रधुनीतील पक्ष्यांचे कडे समोर असतानाही मन रुसलेलेच राहते.

कपड्यांत लोक थंडीचा अतिरेकी विचार करतात आणि ओलाव्याचा मुळीच करत नाहीत. जुलैत पारा बहुधा शून्याच्या थोडा वरच असतो. त्रास होतो तो झोडियाक या रबरी होडीत उडणाऱ्या तुषारांचा. तेथे सुती कपडे व जीन्स निरुपयोगी. जलरोधक विजार बुटाच्या आत न खोचता बाहेर सोडावी, नाही तर बुटाची बादली होते. होडीत चढता-उतरताना खलाशाचा पंजा नव्हे, मनगटाच्या वरचा हात पकडावा आणि दोन्ही हात मोकळे ठेवावेत. कॅमेरा थंडीतून उबदार केबिनमध्ये आणताच भिंगावर दव धरते. त्याला बंद पिशवीतच तासभर राहू द्यावे.

छोटे जहाज खुल्या समुद्रात अधिक डुलते. मळमळ सुरू झाल्यावर गोळी घेणे व्यर्थ असते; डॉक्टरांना विचारून ती आधीच घ्यावी आणि नोंदणी करतानाच खालच्या मजल्यावरील, जहाजाच्या मध्याजवळची खोली मागावी. विम्याचा कागदही नीट वाचावा : लाँगइयरबेनचे रुग्णालय लहान आहे आणि गंभीर रुग्णाला ट्रोम्सोला हलवतात, तेव्हा हवाई स्थलांतराचा खर्च त्यात स्पष्टपणे समाविष्ट हवा.

जहाज न्यू-ऑलेसुन या संशोधकांच्या वस्तीला थांबणार असेल, तर भारताचे ‘हिमाद्री’ हे 2008 साली सुरू झालेले संशोधन केंद्र पाहून तत्काळ घरी फोटो पाठवण्याचा मोह होतो. तसे करू नये. तेथील संवेदनशील उपकरणांसाठी 20 किलोमीटरच्या परिसरात वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावे लागते. स्मार्ट घड्याळ आणि कानातले बिनतारी हेडफोन बहुतेकांच्या लक्षातच राहत नाहीत.

शेवटी अस्वलाविषयी. ताडोबात जिप्सीतून वाघ पाहिलेल्यांना अंतराची कल्पना येत नाही. आता ध्रुवीय अस्वलापासून 1 मार्च ते 30 जून या काळात 500 मीटर आणि एरवी 300 मीटर दूर राहणे बंधनकारक आहे. म्हणजे मोबाइलच्या फोटोत तो एक पिवळसर ठिपका दिसतो. चांगली दुर्बीण प्रत्येकाची वेगळी असावी, जोडप्यात एक नव्हे. उन्हाळ्यात सूर्य मावळत नसल्याने अस्वल दिसल्याची हाक पहाटे दोनलाही येते. डोळ्यांवर पट्टी बांधून अवश्य झोपावे, पण जॅकेट, टोपी आणि दुर्बीण दारामागच्या खुंटीवर असावी. बॅगेच्या तळाशी हातमोजे शोधत बसणारा माणूस डेकवर पोहोचेपर्यंत बाकीचे कॉफी घ्यायला परतलेले असतात.