रिमोट सापडत नसेल तर टीव्ही कसा चालवायचा

आधी टीव्हीवर हात फिरवून पाहा. कंपनीच्या नावाच्या अगदी खाली, खालच्या कडेला किंवा मागच्या बाजूला कोपऱ्यात बहुतेक टीव्हींना बटण असतं. नव्या टीव्हीत बऱ्याचदा एकच बटण असतं: दाबलं की टीव्ही सुरू होतो किंवा मेनू येतो. काहींत तेच बटण आजूबाजूला ढकलून आवाज आणि चॅनेलही बदलता येतं.

स्मार्ट टीव्ही असेल तर मोबाइल हाच रिमोट. अँड्रॉइड किंवा गूगल टीव्हीसाठी 'गूगल टीव्ही' ॲप, सॅमसंगसाठी 'स्मार्टथिंग्ज', एलजीसाठी 'थिनक्यू'. फोन आणि टीव्ही एकाच वाय-फायवर हवेत. गूगल टीव्ही ॲप जोडताना टीव्हीच्या पडद्यावर कोड येतो, तो फोनमध्ये टाकायचा.

खरी अडचण होते ती वाय-फायचा पासवर्ड बदलल्यावर. टीव्ही नेटवर नाही, म्हणून ॲपही चालत नाही! अशा वेळी संगणकाचा साधा माउस टीव्हीच्या यूएसबी पोर्टला लावा. बहुतेक अँड्रॉइड टीव्हींवर लगेच बाण दिसतो. सेटिंग्जमध्ये जाऊन नवा पासवर्ड टाका. हा उपाय फार कमी जणांना माहीत असतो, म्हणून मुद्दाम सांगतोय.

रिमोट हाताशी आहे पण चालत नाही? त्याचं टोक फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकला तर रिमोट सिग्नल देतोय. काहीच दिसलं नाही तर आधी सेल बदला. ब्लूटूथवर चालणाऱ्या रिमोटला मात्र ही परीक्षा लागू नाही.