भिंतीलगतच्या वेगवान प्रक्षुब्ध हवेचे सिम्युलेशन कसे करावे

ध्वनीपेक्षा वेगाने जाणारी हवा एखाद्या घन पृष्ठभागावरून वाहते तेव्हा पृष्ठभागाला टेकलेल्या हवेचा वेग शून्य असतो आणि तेथून अवघ्या काही मिलीमीटरांवर तो सेकंदाला शेकडो मीटर झालेला असतो. या पातळ थराचे महत्त्व लुडविग प्रांटल यांनी १९०४ मध्ये दाखवून दिले आणि तेव्हापासून त्याला सीमास्तर म्हटले जाते. घर्षण किती होणार, पृष्ठभाग किती तापणार आणि प्रवाह कोठे पृष्ठभाग सोडणार, हे याच थरात ठरते, आणि त्यातही बरेचसे त्याच्या तळाच्या काही मायक्रोमीटरांत. म्हणून संगणकावर मेश (हवेची जागा छोट्या कोशांत विभागणारी जाळी) बनवणारे सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी कागद आणि पेन्सिल घेऊन बसावे, असा माझा आग्रह आहे.

एक उदाहरण घेऊ. ११ किलोमीटर उंचीवरील हवेत १ मीटर लांबीची सपाट पट्टी माख २ या, म्हणजे ध्वनीच्या दुप्पट, वेगाने जात आहे. प्रमाण वातावरणात तेथील तापमान उणे ५६.५ अंश सेल्सिअस, घनता घनमीटरला ०.३६४ किलोग्रॅम आणि ध्वनीचा वेग सेकंदाला २९५ मीटर असतो. म्हणजे पट्टीच्या सापेक्ष हवेचा वेग ५९० मीटर झाला. यावरून रेनल्ड्स अंक, म्हणजे हवेचे जडत्व आणि श्यानता (चिकटपणा) यांचे गुणोत्तर, सुमारे दीड कोटी येतो. त्याच्या सातव्या मुळाने ०.०२६ ला भागले की घर्षण गुणांकाचा ढोबळ अंदाज मिळतो, तो येथे ०.००२४५ आहे. त्यावरून पृष्ठभागावरील घर्षण ताण सुमारे १५५ पास्कल निघतो. ताणाला घनतेने भागून वर्गमूळ काढले की घर्षण वेग मिळतो, सेकंदाला साधारण २०.६ मीटर. हवेच्या गतिक श्यानतेला (श्यानता भागिले घनता) या वेगाने भागल्यावर उत्तर येते १.९ मायक्रोमीटर. भिंतीपासूनचे अंतर या एककात मोजले की त्याला वाय-प्लस म्हणतात. वाय-प्लस ५ पर्यंत श्यानतेचे राज्य असते, ३० च्या पुढे वेग अंतराच्या लॉगरिदमप्रमाणे वाढतो, आणि मधल्या पट्ट्यात दोन्हींची सरमिसळ असते. मेशच्या पहिल्या कोशाची उंची वाय-प्लस १ च्या आसपास, म्हणजे येथे २ मायक्रोमीटरच्या जवळपास ठेवावी.

या हिशेबात भिंतीलगतच्या हवेचे तापमान बाहेरच्या हवेइतकेच धरले आहे, आणि तसे ते नसते. घर्षणाने हवा तापते. पृष्ठभागातून उष्णता बाहेर जात नसेल तर आपल्या पट्टीचे तापमान जवळजवळ ९८ अंशांवर पोहोचते. तापलेली हवा विरळ आणि अधिक श्यान होते, त्यामुळे वाय-प्लसचे एकक सुमारे दुपटीने मोठे होते. याचा अर्थ तापलेल्या भिंतीसाठी पहिला अंदाज सुरक्षित बाजूचा आहे. भिंत मुद्दाम थंड ठेवली असेल तर मात्र ही सवलत मिळत नाही. म्हणून भिंतीची तापमान अट सुरुवातीलाच पक्की करावी: उष्णतारोधक भिंत की ठरावीक तापमानाची, हे भौतिक परिस्थिती पाहून ठरवायचे असते, सॉफ्टवेअरने आधीच भरून ठेवलेला पर्याय पाहून नव्हे. श्यानता तापमानानुसार बदलू द्यावी; त्यासाठी सदरलँडचे सूत्र पुरते.

पट्टीच्या शेवटी सीमास्तराची जाडी सुमारे १४ मिलीमीटर असेल. पहिल्या कोशापासून प्रत्येक थर १.२ पटीने वाढवत नेला, तर ही जाडी भरायला ४० थर लागतात. आघात तरंग, म्हणजे दाब एकाएकी वाढवणारी लाट, जेथे अपेक्षित असेल तेथे पट्टीच्या लांबीच्या दिशेनेही कोश दाट करावेत.

मग मॉडेल. प्रक्षुब्ध प्रवाहातला प्रत्येक भोवरा प्रत्यक्ष सोडवण्याचा खर्च या रेनल्ड्स अंकाला बहुतेकांच्या आवाक्याबाहेर असल्याने भोवऱ्यांचा परिणाम मॉडेलने भरणाऱ्या सरासरी समीकरणांपासून सुरुवात करणे योग्य. स्पालार्ट आणि आल्मारास यांचे १९९२ चे एकसमीकरणी मॉडेल पृष्ठभागाला चिकटून राहणाऱ्या प्रवाहासाठी उत्तम आहे, तर प्रवाह सुटण्याची शक्यता असेल तेथे मेंटर यांचे १९९४ चे एसएसटी मॉडेल मी आधी वापरून पाहीन. भिंतीलगतचा भाग न सोडवता सूत्राने भरून काढणारी वॉल फंक्शन्स कोश वाचवतात, परंतु उष्णतेचे उत्तर हवे असेल तर ती टाळावीत.

सॉल्व्हर, म्हणजे समीकरणे सोडवणारा प्रोग्राम, घनतेवर आधारित आणि आघात तरंग पेलणारा असावा. ओपनफोम आणि एसयू-२ या मुक्त स्रोत संचांत असे सॉल्व्हर आहेत. गणित डबल प्रिसिजनमध्येच करावे. कालपावलाचा, म्हणजे गणना दर वेळी किती वेळ पुढे सरकते याचा, विचार येथे विशेष महत्त्वाचा ठरतो. तापलेल्या भिंतीपाशी ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३८६ मीटर असतो, म्हणून २ मायक्रोमीटरचा कोश तो जेमतेम ५ नॅनोसेकंदांत ओलांडतो. नवी मूल्ये फक्त आधीच्या क्षणावरून काढणाऱ्या साध्या एक्स्प्लिसिट पद्धतीत पाऊल याहून फारसे मोठे टाकता येत नाही, आणि बाहेरची हवा पट्टी एकदा ओलांडेपर्यंतच तीन लाखांहून अधिक पावले होतात. त्यामुळे स्थिर उत्तरासाठी नव्या क्षणाची मूल्ये एकत्र सोडवणारी इम्प्लिसिट पद्धत घ्यावी, सुरुवातीला कूराँ अंक (एका पावलात लाट किती कोश ओलांडते तो आकडा) लहान आणि अचूकता पहिल्या क्रमाची ठेवावी, आणि प्रवाह आकाराला आला की दोन्ही वाढवावीत.

शेषांक, म्हणजे समीकरणांत उरलेली चूक, कितीही खाली गेले तरी तेवढ्यावर थांबू नये. दाब लवकर स्थिरावतो, उष्णतेचा प्रवाह बराच उशिरा. म्हणून भिंतीवरील घर्षण आणि उष्णता यांचे आलेख बदलायचे थांबेपर्यंत गणना चालू ठेवावी. नंतर प्रत्यक्ष मिळालेला वाय-प्लस भिंतीच्या संपूर्ण लांबीवर तपासावा. पहिला कोश निम्मा करून गणना पुन्हा करावी, आणि उष्णतेचे आकडे लक्षणीय हलले तर आधीचा मेश टाकून द्यावा. वेगाच्या आलेखाला व्हॅन ड्रिस्ट यांचे घनतेचे रूपांतर लावल्यावर तो ०.४१ स्थिरांकाच्या लॉग नियमाजवळ यायला हवा. नासाच्या लँगली केंद्राच्या टर्ब्युलन्स मॉडेल संग्रहात जास्त माख अंकाच्या सपाट पट्टीचे उदाहरण आहे; स्वतःच्या गुंतागुंतीच्या आकाराकडे वळण्यापूर्वी ते सोडवून पाहावे.

आघात तरंग सीमास्तरावर आदळतो ती जागा सर्वांत अवघड. ३ ऑक्टोबर १९६७ रोजी एक्स-१५ या रॉकेट विमानाने माख ६.७ गाठला, तेव्हा त्याच्या खालच्या शेपटीला टांगलेल्या नकली रॅमजेट इंजिनापासून निघालेला आघात तरंग आधारखांबावर आदळला, तेथील धातू वितळून भोके पडली आणि रॅमजेट गळून पडले. अशा ठिकाणी सरासरी समीकरणांची मॉडेल्स प्रवाह सुटण्याची लांबी आणि उष्णतेचे शिखर या दोहोंत चुकू शकतात. म्हणून तेवढ्या भागासाठी मोठे भोवरे सोडवणारी पद्धत वापरावी, तिच्या प्रवेशद्वारावर खरीखुरी अस्थिर प्रक्षुब्धता पुरवावी, आणि तेही शक्य नसेल तर किमान दोन मॉडेलांची उत्तरे शेजारी ठेवावीत. त्या भागातील उष्णतेचा आकडा दुसऱ्याच्या हाती देताना मॉडेलचे नाव, पहिल्या कोशाचा वाय-प्लस, भिंतीची तापमान अट आणि दोन मॉडेलांमधील तफावत त्याच पानावर लिहावी.