शेवरलेचं जुनं व्ही-८ इंजिन घेताना ब्लॉक कसा पारखायचा

ब्लॉकच्या डेकवरून, म्हणजे सिलिंडर हेड बसतं त्या सपाट तोंडावरून, कटर फिरवून त्यावर नवे आकडे ठोकायला हात बसलेल्या माणसाला एक दुपार पुरते. म्हणून नुसता आकडा बघून पैसे मोजू नका. १९६९ च्या कॅमारो झेड/२८ मधलं खरं ३०२ आणि त्याच वर्षाच्या साध्या गाडीतलं ३५० (हे आकडे इंजिनाच्या घन इंचांतल्या क्षमतेचे) यांचे ब्लॉक बाहेरून जुळे भाऊ वाटतात; भावात मात्र जमीन-अस्मानाचं अंतर असतं. बडोद्यात बसून अमेरिकेतला ब्लॉक घ्यायचा म्हणजे हात लावायची सोय नाही, सगळी मदार फोटोंवर. तेव्हा कुठले फोटो मागायचे आणि त्यांत काय शोधायचं, हे आधी पक्कं करा.

पहिली गफलत बाजूंची होते. विकणारा ‘ड्रायव्हर साइड’ लिहितो आणि आपण उजवीकडे शोधत बसतो. अमेरिकन गाडीत ड्रायव्हर डावीकडे बसतो. डावं-उजवं नेहमी सीटवर बसून समोर बघताना धरायचं, मग इंजिन गाडीत असो की स्टँडवर उलटं टांगलेलं.

ब्लॉकवर दोन जातीचे आकडे असतात. साच्यातूनच आलेले कास्टिंगचे आकडे उठावदार असतात, बोट फिरवलं की लागतात. इंजिन जोडताना पंचने ठोकलेले आकडे धातूत खोल गेलेले असतात. स्मॉल ब्लॉकचा (शेवरलेच्या लहान आकाराच्या व्ही-८ चा, मोठा तो बिग ब्लॉक) कास्टिंग नंबर मागच्या टोकाला, बेलहाउसिंग (गिअरबॉक्सकडची घंटेसारखी पेटी) बसते त्या फ्लँजवर, म्हणजे कडेवर, डाव्या बाजूला असतो. कास्टिंगची तारीख बहुतेक स्मॉल ब्लॉकवर त्याच फ्लँजच्या उजव्या बाजूला मिळते. बिग ब्लॉकवर ती उजव्या अंगाला, स्टार्टरच्या आसपास शोधा.

कास्टिंग नंबरवरून ब्लॉकचं कूळ कळतं, नेमकं इंजिन कळत नाही. उदाहरणार्थ ३९७००१०. हा नंबर १९६९ पासून सत्तरच्या दशकाच्या अखेरपर्यंत चालला, मोटारींत आणि ट्रकांत, दोन बोल्टच्या मेन कॅपचा (क्रँकशाफ्टला खालून धरणाऱ्या टोपणाचा) आणि चार बोल्टचाही. ‘०१० ब्लॉक आहे, म्हणजे फोर बोल्ट’ असं कुणी म्हणालं तर ऑइल पॅन उतरवून मेन कॅपचा फोटो मागा. पॅन न काढता ते कळायचा मार्ग नाही.

तारीख वाचणं सोपं आहे. आधी महिन्याचं अक्षर, ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर, मग दिवस, मग सालाचा शेवटचा आकडा. ‘सी १४ ९’ म्हणजे १४ मार्च १९६९. किंवा १९७९! ०१० ब्लॉकच्या बाबतीत हा घोळ खरोखर होतो, कारण दोन्ही साली तो ओतला जात होता. अशा वेळी ब्लॉकच्या पुढच्या पॅडवर ठोकलेला कोड उपयोगी पडतो. शेवरलेच्या कोडच्या शेवटी १९६९ पर्यंत दोन अक्षरं असायची, १९७० पासून तीन झाली.

आता पॅड. इंजिनाच्या पुढच्या टोकाला, उजव्या हेडच्या अगदी पुढे ब्लॉकची एक छोटी सपाट पट्टी हेडबाहेर डोकावते, तीच ही जागा. गाडीत असताना अल्टरनेटरमागे ती निम्मी झाकली जाते. तिच्यावर ‘व्ही ०३२२ डीझेड’ अशा धर्तीचा शिक्का असतो. व्ही म्हणजे फ्लिंटचा कारखाना, ०३२२ म्हणजे २२ मार्चला जोडणी, डीझेड म्हणजे १९६९ च्या झेड/२८ चं ३०२. बिग ब्लॉकवर पहिलं अक्षर टी दिसतं, तो टोनावांडाचा कारखाना. १९७० च्या शेवेलमधल्या ४५० हॉर्सपॉवरच्या एलएस६ ४५४ ला चार गिअरच्या गाडीत सीआरव्ही आणि ऑटोमॅटिकमध्ये सीआरआर होतं. खोट्या शिक्क्यांत ही लाडकी अक्षरं आहेत, हे लक्षात असू द्या.

नीट बघायचा असतो तो आकड्यांखालचा पृष्ठभाग. कारखान्यात डेक ब्रोचने, म्हणजे सरळ रेषेत ओढल्या जाणाऱ्या दातेरी हत्याराने, तासला जायचा. त्यामुळे पॅडवर पुढून मागे जाणाऱ्या, बारीक, एकमेकींना समांतर सरळ रेघा उरतात. आकडे त्यानंतर ठोकलेले, म्हणून रेघा आकड्याच्या कडेपर्यंत येतात, तुटतात आणि पलीकडे तशाच पुढे जातात. पॅड आरशासारखं गुळगुळीत असेल, त्यावर कटरच्या गोलाईच्या कमानी दिसत असतील किंवा रेघा आडव्या-तिरप्या असतील, तर डेक नंतर कधीतरी तासला गेलाय. त्यात फसवणूकच असेल असं नाही, रिबिल्ड करताना डेक सपाट करतातच. पण तासल्यावर मूळ आकडे जातात किंवा पुसट होतात. तासलेल्या पॅडवर ठसठशीत आकडे दिसले तर ते कुणी ठोकले, हा प्रश्न विचाराच. काही बहाद्दर सँडपेपरने रेघाही ओढून देतात. त्या उथळ असतात आणि आकड्याच्या खोबणीत उतरलेल्या दिसतात.

विकणाऱ्याला स्पष्ट लिहा: पॅड फक्त थिनरने आणि चिंधीने पुसायचं. वायर ब्रश किंवा पॉलिश पेपर लावला की पुरावा गेला. टॉर्च वरून न धरता पॅडला जवळजवळ समांतर धरायची, तरच रेघांची सावली पडते. शेजारी आजची तारीख आणि तुमचं नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवायची. पॅडवर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासायला सांगा, नाण्याचा ठसा घेतात तसा. फोटो बदलता येतो, आकड्यांची उंची आणि अंतर दाखवणारा तो ठसा पोस्टाने मागवता येतो. खटपट वाटते, पण हौशी विकणारा आनंदाने करून देतो. टाळाटाळ झाली तर दुसरा ब्लॉक बघा.

१९६८ पासून ब्लॉकवर गाडीच्या चेसिस नंबरचा तुकडाही ठोकला जाऊ लागला, पॅडवरच किंवा ऑइल फिल्टरच्या वरच्या बाजूला. नॉरवुडमध्ये बनलेल्या १९६९ च्या कॅमारोत तो ‘१ ९ एन’ असा सुरू होतो: १ शेवरले, ९ साल, एन नॉरवुडचा कारखाना, पुढे सहा आकडी क्रम. इंजिनाचा कोड आणि हा तुकडा वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या हातांनी ठोकलेला असायचा. दोन्हींचा टाइप, खोली आणि ओळ हुबेहूब सारखी असेल, तर एकाच बैठकीतलं काम समजा.

मग तारखा ओळीने मांडा. ब्लॉक ओतला, इंजिन जोडलं, गाडी बांधली. १४ मार्चचं कास्टिंग, २२ मार्चची जोडणी, एप्रिलमधली गाडी: पटण्यासारखं आहे. कास्टिंग ‘डी २ ९’, म्हणजे २ एप्रिल, आणि पॅडवर ०३२२ असेल तर ओतण्याआधीच इंजिन जोडून झालं म्हणायचं! बनावट शिक्के बहुतेक इथेच पकडले जातात, कारण उठावदार तारीख बदलणं पॅडइतकं सोपं नसतं. तरी तिथेही ग्राइंडरच्या खुणा शोधा. मूळ कास्टिंगचा पोत वाळूसारखा खरखरीत असतो. आकड्याभोवतीच गुळगुळीत पट्टा दिसला तर हात राखून.

‘सीई’ ने सुरू होणारा शिक्का असेल तर तो वॉरंटीत किंवा डीलरच्या काउंटरवरून दिलेला बदली ब्लॉक. माल प्रामाणिक आहे, पण मूळ इंजिनाचा भाव त्याला देऊ नये.

हेड उतरवलेलं असेल तर मापं मागा. ३०२, ३२७ आणि ३५० तिन्हींचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, १०१.६ मिमी. ३०७ चा ९८.४ आणि ३०५ चा ९४.९. ‘३५०’ म्हणून खपवलेलं ३०५ इथे उघडं पडतं, कारण ते कितीही बोअर केलं तरी १०१.६ ला पोचत नाही. वरच्या कडेला रिंगांनी केलेला कंगोरा असतो, माप त्याच्या खाली घ्यायचं. १०२.४ च्या जवळपास आलं तर एकदा तीस थाऊ (इंचाचे हजारावे भाग) बोअर झालंय, चालेल, १०३.१ म्हणजे साठ थाऊ, पुढे वाव नाही. पिस्टनचा प्रवास ३०२ मध्ये ७६.२, ३२७ मध्ये ८२.६, ३५० मध्ये ८८.४ मिमी.

माल आल्यावर बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीच्या परिसरात बोअर गेज आणि डाय पेनिट्रंटची (रंग लावून तडे शोधण्याची) सोय असलेलं वर्कशॉप गाठा. थंड मुलखात पाणी गोठून ब्लॉक तडकतात, बहुधा वॉटर जॅकेटच्या (सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीच्या) बाहेरच्या भिंतीवर आणि टॅपेट व्हॅलीत, म्हणजे दोन सिलिंडर-रांगांमधल्या खोलगट भागात. ताज्या जाड रंगाखाली हेच लपवलेलं असतं.

शेवरलेऐवजी दुसऱ्या कंपनीचा ब्लॉक घेत असाल, तर फोर्डमध्ये तारखेचा क्रम उलटा: आधी साल, मग महिना, मग दिवस, महिन्यांत ‘आय’ हे अक्षर वगळलेलं. ३५१ क्लीव्हलंड आणि ३५१ विंडसर यांत घोळ नको: क्लीव्हलंडच्या व्हॉल्व कव्हरला आठ बोल्ट, विंडसरला सहा. क्रायस्लरच्या ४४० ब्लॉकवर १९६६ ते १९७२ दरम्यान २५३६४३० हा कास्टिंग नंबर येतो. पॉन्टिअॅकचं ४०० आणि ४५५ बाहेरून सारखंच दिसतं. मेन जर्नल (क्रँकशाफ्टचा मेन बेअरिंगमधला गोल भाग) ४०० चा ७६.२, ४५५ चा ८२.५५ मिमी.

ब्लॉक नीट पारखून घ्यायला आपल्याकडे अजून एक कारण आहे. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या गाडीला ‘व्हीए’ नंबरची विंटेज नोंदणी मिळते, पहिल्यांदा २०,००० रुपये भरून. पण चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. जानेवारी २०२३ मध्ये बडोद्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात भरला तसल्या कॉन्कूरमध्ये (जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत) गाडी उभी करायची असेल तर तिथेही मूळपणच बघतात. आधीच गाडी असेल आणि तिच्यासाठी ब्लॉक घेत असाल, तर आरसीवर उतरवलेला इंजिन नंबर पॅडवरचा आहे, फिल्टरजवळचा आहे की कुणी चुकून कास्टिंग नंबरच लिहिलाय, हे जुना ब्लॉक भंगारात देण्याआधी ताडून बघा. इंजिन बदललं की आरसीवर नोंद करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी दोन्ही ब्लॉकचे फोटो व खरेदीची पावती जवळ असू द्या.